झबल्यावरचा वॉटर पंप

सर्व संबंधितांस, म्हणजे जे हयात आहेत त्यांस आणि जे वर बसून ऐकत असतील त्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दादरच्या डॉक्टरांच्या मोटारीचा वॉटर पंप वितळवण्याच्या दुष्कृत्यात कॉटन ग्रीनच्या उस्मानचाचांचा हात नव्हता. हात माझा होता. उजवा. तीसएक वर्षं परळपासून दादरपर्यंत सगळ्यांनी चाचांना दोष दिला, चाचांनी तो हसत हसत पदरात घेतला आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावत राहिले. आता चाचा नाहीत, डॉक्टर नाहीत, मला चाळिशीचा चष्मा लागूनही दहा वर्षं उलटली. तेव्हा म्हटलं, हे एकदाचं जाहीर करून टाकावं, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल.

त्या दिवसांत आमच्या घरात कुणालाच स्वस्थ बसता येत नव्हतं. परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. त्यात आई, अण्णा आणि मी. माझं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण चाळीत मी बेबी मेस्त्री, आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही लोक मला ‘बेबीताई’च म्हणतात. अण्णा मिलच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्न मेस्त्री होते. यंत्राचा एखादा भाग धातूत ओतायचा असला की आधी तो हुबेहूब लाकडात कोरायचा, ते लाकूड वाळूत दाबून साचा करायचा आणि मग साच्यात रस ओतायचा. ते लाकूड म्हणजे पॅटर्न आणि ते कोरणारे आमचे अण्णा. मिल बंद पडली, पण हात बंद पडले नाहीत. सकाळी उठल्यापासून ते काहीतरी तासत असायचे. आमचा दरवाजा झाला, शेजारचा झाला, मग मजल्यावरचे सगळे पोळपाट त्यांनी गोल करून दिले. एकदा आईचं लाटणं घेतलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसाचाही फरक राहणार नाही असं सरळ करून ठेवलं. लाटणं मधे जरा फुगीर असावं लागतं हे त्यांना कोण सांगणार? पंधरा दिवस आमच्या घरातल्या पोळ्या नकाशातल्या देशांसारख्या होत होत्या. आई खाली मसाला कुटायच्या डंखांवर कामाला जायची. तिच्या लुगड्याला कायम भाजलेल्या धण्याचा वास, आणि दिवसभर त्या लोखंडी डंखांची धपधप आमच्या जमिनीतून वर येत असायची. त्या तालावर माझा पाय हलायचा. जेवताना हलायचा, अभ्यास करताना हलायचा. “पाय कित्याक हलवतंस गो?” आई खेकसायची, आणि मी थांबवला की अण्णांची बोटं ताटाच्या कडेवर तोच ताल धरायची.

घरात चौथा सदस्य होता तो खुंटीवर. खाकी युनिफॉर्म. पितळेची बटणं, खांद्यावर पट्ट्या, सगळा जामानिमा. आईचा भाऊ वसंतमामा फोर्टातल्या एका मोठ्या इमारतीत सुपरवायझर होता. त्याने अण्णांसाठी लिफ्टमनची जागा ठरवली होती आणि अण्णा नाही म्हणू नयेत म्हणून युनिफॉर्म आधीच शिवून आणला होता. मामा मनाने सोन्यासारखा, पण त्याला थांबणं माहीत नव्हतं. “भावोजी, बसून काम हा. बटण दाबूचा, दार लावूचा. उन्हातान्हात नाय, घाम नाय.” अण्णा ऐकून घ्यायचे, युनिफॉर्मकडे बघायचे आणि पुन्हा काहीतरी तासायला घ्यायचे. ज्या माणसाने आयुष्यभर केसाच्या जाडीची मापं घेतली, त्याने आता एक-दोन-तीन-चार मोजत वर जायचं आणि चार-तीन-दोन-एक मोजत खाली यायचं. तोंडाने ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त एकदा युनिफॉर्मच्या बटणांमधलं अंतर मोजलं आणि म्हणाले, “तिसरा बटण सुताभर खाली हा.”

अशात एका रविवारी दादरचे डॉक्टर तीन जिने चढून वर आले. हातात उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात काहीतरी जड. त्यांच्या वडिलांच्या काळातली मोटार त्यांच्याकडे होती, विलायतेची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. डॉक्टरांच्या वडिलांनी त्या मोटारीतून घरोघरी व्हिजिटा केल्या होत्या. आता ती गॅरेजात उभी होती, कारण इंजिनात पाणी फिरवणारा पंप फुटला होता. “मेस्त्री,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले, “हा पंप आज जगात कुठेही विकत मिळत नाही. मी पत्रं लिहून थकलो. तुम्ही बनवून द्याल का?” अण्णांनी अभ्र्यात हात घातला. काशासारख्या गनमेटलचा, गोगलगाईसारखा गोल फिरत गेलेला, तीन ठिकाणी डाग दिलेला, क्षारांची पुटं चढलेला पंप त्यांनी मांडीवर घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिले. आईने चहा दिला तो निवून गेला. मग ते म्हणाले, “देतो.” आणि संध्याकाळी मामा आला तेव्हा त्याला म्हणाले, “वसंता, डॉक्टरांची गाडी चालली तर बघू. नाय चालली तर तुझा युनिफॉर्म घालतंय.” मामाने कॅलेंडर बघितलं. इमारतवाले पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत थांबतील, एक दिवसही जास्त नाही. म्हणजे बरोब्बर चार आठवडे.

अण्णांचा एक नियम होता. घाणीसकट माप घ्यायचं नाही. “घाणीचा माप घेतलास तर घाणीचो पंप होतलो,” असं म्हणून त्यांनी तो आधी साफ करायला पाठवला, आणि पाठवला माझ्या हाती. कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे उस्मानचाचांची फाउंड्री होती. जुने नळ, मोडक्या समया, तोट्या वितळवून ते देवळांच्या घंटा ओतायचे. तिथे ॲसिडच्या टाकीत पंप बुडवला की लख्ख होणार होता. मी गेले तेव्हा चाचा मागे कुणाशी तरी बोलत होते. भट्टी धडधडत होती आणि दोन बायका भंगार उचलून लालभडक मुशीत टाकत होत्या. प्रत्येक नळ आत पडला की हिरवी ज्योत उठायची. काय सांगू तुम्हाला, ती ज्योत बघून मला राहवेना. “मी टाकू?” म्हटलं. “टाक की,” एक बाई म्हणाली. मग मी टाकत सुटले. एक तोटी, एक समई, एक बिनदांड्याची पळी, आणि त्या झोकात माझ्याच पिशवीत हात घालून मी आणखी एक वस्तू काढली आणि मुशीत टाकली. ज्योत सर्वांत सुंदर उठली. टाळ्या वाजवायला मी हात वर केले आणि मला पिशवी हलकी लागली.

चाचा धावत आले तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. त्यांनी मुशीत डोकावून बघितलं. पंपाचा अर्धा भाग अजून दिसत होता, साखर विरघळावी तसा खाली खाली जात होता. “अब ये बेलापूर के मंदिर में बजेगा,” ते म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून मऊ झाले. “रो मत, बेटी. बापू को बोल, उस्मान से गलती हो गयी. बूढा हो गया उस्मान.” आणि मी, बेबी मेस्त्री, वय वर्षं एकोणीस, नाक पुसून म्हणाले, “हो चालेल.”

घरी मात्र मला तेवढंही बोलवलं नाही. “साफ करायला आठ दिवस लागतील,” एवढंच म्हणाले. अण्णांनी लाकूड निवडून ठेवलं, रंध्याला धार लावली, पटाश्या ओळीने मांडल्या, आणि रोज विचारू लागले, “झालो गो?” तिसऱ्या दिवशी मला ते सहन होईना. मी दादरला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, पेशंटांच्या रांगेत पत्र्याचा बिल्ला घेऊन बसले आणि माझा नंबर आल्यावर आत गेले. “जीभ दाखव,” डॉक्टर न बघताच म्हणाले. मी दाखवली. डॉक्टरांनी सांगितलं की जीभ बाहेर येतेच. मग तशाच जिभेने मी म्हणाले, “पंप वितळला. उस्मानचाचांकडून.” डॉक्टरांनी टॉर्च विझवला आणि स्वतःचीच नाडी धरली.  मग म्हणाले, “नमुना गेला म्हणजे आता एकच मार्ग. कारखान्याची मूळ ड्रॉइंग्ज.”

गोष्ट अशी होती की महायुद्धात विलायतेहून सुटे भाग येणं थांबलं, तेव्हा त्या कंपनीच्या इथल्या एजंटाने कारखान्याकडून मूळ ड्रॉइंग्ज मागवून घेतली आणि आपल्याच वर्कशॉपमध्ये भाग बनवायला सुरुवात केली. त्या ड्रॉइंगांचा सांभाळ करायचे दामले नावाचे हेड ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंगच्या नकला उतरवणाऱ्यांचे प्रमुख. वर्कशॉप पुढे बंद झालं. डॉक्टरांचे वडील दामल्यांच्या घरी व्हिजिटला जायचे, म्हणून डॉक्टरांना एवढं आठवत होतं की ते गिरगावात, फणसवाडीत राहत. “बघ मिळतात का,” डॉक्टर म्हणाले. “आणि वडिलांना सांगून टाक.” पहिलं मी लगेच करायला घेतलं. दुसरं राहिलं.

फणसवाडीत माणूस शोधणं म्हणजे काय ते ज्याने शोधलंय त्यालाच माहीत. दोन दिवस मी जिने चढत आणि उतरत होते. पहिले दामले निघाले ते पेटी शिकवणारे. त्यांना वाटलं मी शिकायला आले आहे, आणि मला ‘नाही’ म्हणायची संधी मिळेपर्यंत त्यांनी माझ्याकडून सारेगम तीनदा म्हणवून घेतलं. “सूर कच्चा आहे, पण घाई पक्की आहे,” असं प्रमाणपत्र घेऊन मी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी खरे दामले सापडले, म्हणजे त्यांचं घर सापडलं. ट्रेसर दामले जाऊन बरीच वर्षं झाली होती. दारात त्यांची सून, कुमुदकाकू, साठीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. “ड्रॉइंगं?” त्या म्हणाल्या. “अगं, सासऱ्यांचा एक कागद नाही घरात शिल्लक. होते ते वाळवीने खाल्ले. तू परळहून चालत आलीस? ये, आत ये, चेहरा बघ कसा झालाय.” त्यांनी मला पाटावर बसवलं आणि वाटीत डाळिंब्यांची उसळ दिली, वरून खोबरं. गुळाची गोडी लागली आणि मला रडूच फुटलं. आमच्याकडे गूळ असा मोकळ्या हाताने घालत नाहीत, हे एक कारण. आणि आता सगळं संपलं, हे दुसरं.

समोर काकूंची सून चार महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ जोरजोरात पाय झाडत होतं. मला एकदम आपल्या जातीचं वाटलं. त्याच्या अंगात पांढरं झबलं, इतकं मऊ की बाळाच्या श्वासाबरोबर हलत होतं. आणि त्या झबल्यावर, बरोबर बेंबीवरून, एक फिकट काळसर रेघ गेली होती. लांब, आखूड, लांब, आखूड. मी उसळीचा घास तसाच धरून बघत राहिले. अण्णांनी मला अक्षरओळखीच्याही आधी ही रेघ शिकवली होती. ती मध्यरेषा असते. जिथून वस्तूचे दोन सारखे भाग होतात तिथून ती जाते. पण बाळाचे दोन सारखे भाग व्हावेत म्हणून कुणी झबल्यावर मध्यरेषा काढेल? रेघेभोवती एक गोल होता, गोलाबाहेर गोगलगाईसारखा एक फुगवटा, आणि काखेजवळ इंग्रजी अक्षरं, ‘वॉटर पं’. पुढे शिवण.

“काकू,” मी किंचाळले, “बाळ उलटं करा!”

त्या सुनेने घाबरून बाळाला छातीशी धरलं. काकूंनी हातातला डाव माझ्यावर रोखला. पण मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि बाळाची पाठ बघितली. तिथे सहा भोकांची गोल तबकडी, आणि ‘पंप’मधला उरलेला ‘प’. मी हात जोडले.

“अगं बाई, हे होय!” काकू म्हणाल्या. “तू कागद विचारलेस. ते कागद कुठे होते, ते कापड होतं. विलायती ट्रेसिंगचं कापड, वर खळ चढवलेलं. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा सासरे त्याचा भला थोरला गठ्ठा घरी घेऊन आले. कुणाला हात लावू देत नसत. मग माझी पहिली मुलगी झाली आणि सासूबाईंनी एक दिवस गठ्ठा सोडला, सोडा घालून पातेल्यात उकळला. खळ निघाली की त्याची अशी मलमल होते बघ. बाळंतिणीच्या घरात यासारखं कापड नाही.” “आणि सासरे?” मी विचारलं. “दोन दिवस बोलले नाहीत. मग बारशाला नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या झबल्यावरचा गिअर बॉक्स वाचत बसले. तेव्हापासून आमच्या घरातली सगळी मुलं मोटारीतच वाढली.”

आज करी रोडला माझा गाळा आहे. शेजारी टॉवर, समोर टॉवर. जुन्या गाड्यांचे भाग आम्ही बनवतो; ड्रॉइंग मिळवण्यासाठी जगभर ईमेल जातात, आणि वस्तू हातात असली तर मशीन तिच्यावर लाल प्रकाश फिरवून मापं घेतं. तरीही कुणी येऊन म्हणालं की आजोबा ड्राफ्ट्समन होते पण घरात काहीच राहिलेलं नाही, तर मी पहिला प्रश्न विचारते, “त्यानंतर घरात कुणी बाळंत झालं होतं का?” लोकांना वाटतं बाईचं डोकं फिरलंय. दोनदा मला सापडलं आहे. एकदा दुपट्यात आणि एकदा एका काकांच्या बंडीत, ते अंगात घालून समोर बसले होते.

पण त्या दुपारी झबलं मला मिळालं नाही. काकूंनी खिचडी दिली असती, घरातली पैठणी दिली असती, झबलं नाही. “बाळाच्या अंगाला लागलेलं कापड उंबऱ्याबाहेर नाही हो जाऊ देत आम्ही. दुसरं काहीही माग.” मी आईची शपथ घेतली, परत आणून देते म्हणाले. काकू हसल्या, पण मान हलली नाही. मग म्हणाल्या, “ज्याला माप हवंय त्याला इथे घेऊन ये. बाळाच्या अंघोळीच्या वेळी झबलं काढतोच आम्ही. तेवढा वेळ ते तुमचं.”

म्हणजे अण्णांना सांगावं लागणार होतं. घरी गेले तर ते पटाशीला चौथ्यांदा धार लावत होते. मी दारातच उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं, भट्टी, ज्योत, घंटा, फणसवाडी, झबलं. फक्त कर्ता बदलला. “उस्मानचाचांकडून चुकून,” मी म्हणाले. अण्णांनी माझ्या ओढणीकडे बघितलं. तिला ठिणग्यांनी पडलेली तीन बारीक भोकं होती. त्यांनी ती भोकं बघितली की माझ्या नजरेला दिसली म्हणून मला तसं वाटतं, ते मी आजही सांगू शकत नाही. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे घाण निघाली.” आणि इस्त्रीचा सदरा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फणसवाडीत हजर. काकूंनी दामल्यांची लाकडी पट्टी फडताळातून काढून दिली. अण्णांनी ती कपाळाला लावली. आत मोरीत सून बाळाला तेल चोळू लागली, बाहेर पाटावर झबलं पसरलं गेलं आणि अण्णा त्यावर वाकले. जिथे आकडे धुण्यातून वाचले होते तिथले आकडे त्यांनी उतरवून घेतले, आणि जिथे आकडा गेला पण रेघ राहिली तिथे कर्कटक लावून माप घेतलं. बोलणं नाही, हलणं नाही. किती महिन्यांनी मी त्यांची बोटं स्थिर बघत होते. सुनेने मुद्दाम वेळ लावला. बाळ त्या दिवशी इतकं चोळलं गेलं की पणतीसारखं चमकायला लागलं. निघताना अण्णांनी बाळाला नमस्कार केला. बाळाने पाय झाडला.

मग आठ दिवस आमच्या घरात भुसा आणि शांतता. जेवणात भुसा, अंथरुणात भुसा, आईच्या तिखल्यातल्या बांगड्यावर भुसा, आणि कुणाची तक्रार नाही. माझा पायसुद्धा थांबला. पॅटर्न तयार झाला तो हातात घेतल्यावर खाली ठेववेना असा. चाचांनी स्वतः वाळू भरली, स्वतः रस ओतला आणि माझ्याकडे बघून भट्टीपासून दूर उभं राहायची खूण केली. मंगळवारी दादरच्या गॅरेजात अण्णा आणि डॉक्टर पंप बसवायला गेले. त्यानंतरचा सोमवार मामाचा.

बसला नाही. एक बाजू चपखल आणि दुसरी लहान. सहा भोकांपैकी दोन जुळतात, चार जुळत नाहीत. अण्णा गाडीखालून बाहेर आले, पंप पिशवीत घातला आणि परळला आले. खोलीत येऊन त्यांनी खुंटीवरचा युनिफॉर्म काढला आणि अंगात घातला. एकेक बटण लावलं, ते सुताभर खालचं तिसरंही. आणि पाटावर बसले. मी कोपऱ्यात, पाय हलतोय. डंखांची धपधप थांबली, जिन्यावर आईची पावलं वाजली. ती आत आली, युनिफॉर्म बघितला, खाली ठेवलेला पंप बघितला. पिशवी ठेवून तिने विचारलं, “काय झाला?”

“जंय आकडो होतो, थंय बरोबर,” अण्णा म्हणाले. “जंय रेषेवरना माप घेतलंय, थंय ल्हान. दामल्यांची रेषा खोटी कशी असतली?”

आई हात धुवायला मोरीकडे निघाली होती ती तिथेच थांबली. मागे वळून तिने अण्णांकडे, म्हणजे त्या पितळी बटणांच्या लिफ्टमनकडे, असं काही बघितलं की मी पाय थांबवला.

“बावीस वर्सां कपड्याच्या मिलीत काढलात,” ती म्हणाली, “आणि धुतल्यार कापड आटता ह्या तुमका म्हायत नाय?”

 धातू थंड होताना आकसतो म्हणून आयुष्यभर मुद्दाम मोठी पट्टी वापरणारा माणूस. पॅटर्न मेस्त्रीची पट्टी तशीच असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा. आणि काकूंच्या सासूबाईंनी सोडा घालून उकळलेलं कापड आकसलं असेल हे त्या माणसाच्या मनातही आलं नाही.  अण्णांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की तिसरं बटण तुटून पलंगाखाली गेलं. आई मात्र हसत नव्हती, ती कामाला लागली होती. “आणि उभा जास्ती आटता, आडवा कमी,” तिने हात धुता धुता सांगितलं. “माज्या सगळ्या पोलक्यांचा तसाच झालाहा.”

आता हवे होते दोनच आकडे. जिथे आकडा आणि रेघ दोन्ही वाचलंय, अशा एका उभ्या आणि एका आडव्या जागी कापडावर पट्टी लावायची, म्हणजे किती आटलं ते कळणार. अण्णांची शिस्त अशी की आकडा लिहिलेला असला तर रेघेला पट्टी लावायची नाही, त्यामुळे नेमकं तेवढंच त्यांनी मोजलं नव्हतं. “मी पॅटर्न फोडून ठेवतंय,” ते युनिफॉर्म उतरवत म्हणाले, “माप तू घेऊन ये.”

मी? पंप वितळवणारी? मी तोंड उघडलं, पण ते पटाशी शोधायला वाकले होते.

बुधवारी सकाळी धावत फणसवाडीत पोचले तर झबलं दोरीवर. बाळाने पहाटेच आपलं काम उरकलं होतं. ओल्या कापडाचं माप घेता येत नाही, ते ताणतं. काकूंनी उसळ पुढे केली, मी वाटी तशीच बाजूला ठेवली. मी सुपाने वारा घातला. गॅलरीत ऊन सरकत होतं तसतशी दोरीवरची झबल्याची जागा बदलत राहिले. “अगं, बस जरा,” काकू म्हणाल्या, “वारा घालून घालून त्याला सर्दी होईल.” कापड वाळलं तेव्हा मी दामल्यांची पट्टी लावली. आडवं, एकदा. उभं, एकदा. मग पुन्हा दोन्ही. मग तिसऱ्यांदा, कारण स्वतःवर भरवसा बसेना. आयुष्यात मी स्वतः घेतलेली ती पहिली मापं. पेनाने मनगटावर लिहून मी चालत घरी आले, धावले नाही, घामाने पुसली जातील म्हणून.

रविवारी दुपारी डॉक्टरांच्या गॅरेजात सगळे जमले. डॉक्टर, उस्मानचाचा, आई, मी. डॉक्टरांचे दोन मित्र आले होते, जुन्या गाड्या बाळगणारे. त्यांच्या हातात पिशव्या होत्या आणि त्या पिशव्यांत काहीतरी जड होतं हे मी लांबूनच ओळखलं. वसंतमामाही आला, कारण त्याला सोमवारी सकाळी इमारतवाल्यांना उत्तर द्यायचं होतं. नव्या मापांनी पुन्हा ओतलेला पंप बसला. सहाच्या सहा बोल्ट बोटाने फिरवून आत गेले, तेव्हा डॉक्टरांनी डोळे मिटले. टाकीत पाणी भरलं, इंजिन सुरू झालं आणि सगळं गॅरेज गदगदा हलायला लागलं. आम्ही सगळे खाली वाकून बघत होतो. थेंब पडला की संपलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा पाय हलत होता, आईचा हलत होता, मामासुद्धा टाच आपटत होता. अण्णांनी सांध्याखाली तळहात धरून ठेवला होता. वीस मिनिटांनी त्यांनी तो बाहेर काढला आणि उताणा केला. कोरडा.

चाचा “वाह रे वाह” करत नाचायला लागले. डॉक्टरांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. त्या गोंगाटात त्यांचे दोन्ही मित्र पिशव्या उघडून अण्णांच्या दोन बाजूंना उभे राहिले. एकाने कसलं तरी दात तुटलेलं चाक काढलं, दुसऱ्याने तडकलेलं झाकण. अण्णांनी एका हातात चाक घेतलं, दुसऱ्यात झाकण, आणि दोन्हींवरून अंगठे फिरवत ते तिथेच उभे राहिले. मामाने हॉर्न थांबण्याची वाट बघितली. थांबेना, तेव्हा त्याने अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, “भावोजी, मगे उद्या आठ वाजता काय सांगू त्यांका?”

नेमका त्याच क्षणी डॉक्टरांनी हॉर्न सोडला, आणि एरवी दहा शब्दांत दिवस काढणाऱ्या आमच्या अण्णांच्या तोंडून, चाकावरची नजर न काढता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निघून गेलं:

“उद्या? उद्या खंय वेळ आसा रे माका!”